लिंब्या, तो कार्बोरेटर मी टाकला

लिंब्या, चौकात तुझा फ्लेक्स लागलाय आणि त्यावर तुला दोन डोळे आहेत. वहिनींनी तुझा अलीकडचा फोटो दिला होता, एका डोळ्याचा. फ्लेक्सवाल्याला ते बरं दिसेना. त्यानं कॉम्प्युटरवर तुझा उजवा डोळा उचलला, तसाच्या तसा डावीकडं चिकटवला आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून मोकळा झाला. उलटा करायचं विसरला. त्यामुळे तुझे दोन्ही डोळे आता एकाच दिशेला बघतात, समोरच्या केळीवाल्याकडं. दोन दिवसांत बिचाऱ्यानं गाडा उचलून पलीकडं नेला. मी त्याला म्हणालो, अरे घाबरतोस कशाला, जिवंत असताना ह्याला एवढंसुद्धा दिसत नव्हतं.

सव्वा महिना झाला तुला जाऊन. तुझा जन्म कुठं, शिक्षण किती, मागं कोण कोण, हे सगळं फ्लेक्सवर मावलं तेवढं आलंय. मी वेगळं सांगतो. तुला खांदा देणाऱ्या आम्हा चौघांचं एकमत झालं की तू आयुष्यभर वितळवलेल्या भंगारातलं निम्मं साच्यात न ओतता गुपचूप पोटात ओतून घेतलं होतंस. माझा उजवा खांदा त्या दिवसापासून चार बोटं खाली आलाय. शिंप्यानं माप घेताना स्वतः सांगितलं.

तू असतास तर इथं हसला असतास. तू नाहीस म्हणूनच पुढचं लिहायचं धाडस होतंय. तुझा डावा डोळा कसा गेला याची एक गोष्ट मी सहा वर्षं ह्या जिल्ह्यात सांगत फिरलो. लग्नात, बारशात, गॅरेजमध्ये, एसटी स्टँडच्या बाकड्यावर. गोष्ट लई गाजली. गोष्ट खोटी होती. डोळा तर गेलाच होता, पण गोष्टीनं तुझं नाव नेलं. 'ओतकाम करावं तर लिंबराज मिस्त्रीनं' असं जे लोक म्हणायला लागले होते ते नाव. ते तुला परत द्यायचंय. द्यायचा मुहूर्त मी कसा निवडला बघ.

वाचणाऱ्यांना तुझी भट्टी दाखवायला हवी, नाहीतर त्यांना वाटेल मोठा कारखाना होता. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या तुझ्या घरामागं दोन खाटा टाकल्या की संपेल एवढी मोकळी जागा. त्यात मधोमध कापलेलं तेलाचं पिंप, आतून भट्टीची तांबडी माती थापलेलं. बुडाशी लोखंडी नळी, आणि नळीच्या टोकाला बंद पडलेल्या सलूनमधून आणलेलं केस वाळवायचं यंत्र. कोळशावर त्याची हवा सोडली की पिंप असं घुमायचं की शेजारच्या काकूंच्या फडताळातले कप नाचत नाचत कडेला यायचे. आणि कोळशात बसवलेली मूस, म्हणजे धातू वितळवायचं ते जाडजूड भांडं. तिच्यावर तुझा शालन वहिनींपेक्षा जास्त जीव होता, हे मी वहिनींसमोरच म्हणायचो आणि त्या 'खरं हाय' म्हणायच्या.

फोनवर कुठल्यातरी परदेशी माणसानं अंगणात धातू ओतलेला तू बघितलास आणि म्हणालास, "जगू, ह्यो गडी चड्डीवर वततोय. आपल्याकडं तर लुंगी हाय."

मी ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा फिरता माणूस. बार्शी, करमाळा, उजनीच्या काठची गावं, सगळी मोटारसायकलवर पालथी घातलेली. गॅरेजवाल्याला नवा पिस्टन विकायचा आणि त्याचा जुना पिशवीत टाकून तुझ्याकडं आणायचा, ही माझी भागीदारी. सुरुवातीला मला वाटायचं, अ‍ॅल्युमिनियम म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. एकदा मी जर्मनची पातेली घेऊन आलो, जुन्या घरातली, पोचे पडलेली, चांगली पोतंभर. तू एक उचललंस, नखानं ओरखडा काढलास आणि माझ्याकडं असं बघितलंस जसे काही पोचे मलाच पडलेत.

"ह्ये काय आणलंस?"

"अ‍ॅल्युमिनियमच हाय की."

"ह्ये मऊ अ‍ॅल्युमिनियम. साच्यात सोडलं की कोपऱ्यापतुर पोचायच्या आधीच थिजतंय. तुझ्यावाणी. बोलायला म्होरं, कामाला माघारी. पिस्टन आण, पिस्टन. पिस्टनचं पाण्यावाणी पळतंय."

दुसऱ्यांदा मी लग्नाच्या हॉलमागून थंड पेयाच्या डब्यांची दोन पोती आणली. मोटारसायकलवरून येताना वाऱ्यानं मी तीनदा उडालो, एकदा तर मोहोळला उडालो तो पाकणीलाच टेकलो. ती दोन पोती वितळून मुशीत वर नुसती मळीच मळी. तू ती झाऱ्यानं काढत राहिलास, काढत राहिलास, आणि शेवटी उरला तो सुपारीएवढा गोळा गार करून माझ्या तळहातावर ठेवलास. "घे. तुझी अक्कल वतून आली."

'गार करून' म्हणालो ते महत्त्वाचं आहे. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. अ‍ॅल्युमिनियम बोलत नाही. कातडी सोलून काढेल इतकं तापलेलं असलं तरी दिसायला तसंच पांढरं, गरीब. म्हणून त्या जागेत खरं काय ते फक्त तुझ्या तोंडून कळायचं. तू 'गार हाय' म्हणालास की आम्ही डोळे मिटून हात घालायचो.

विजापूर वेशीकडच्या रफिकचाचाच्या भंगाराच्या ढिगात तू तासन्‌तास उकिडवा बसायचास. तो वैतागायचा. "क्या रे लिंबू, मेरे कचरे में हीरा गिरा क्या तेरा?" तू उत्तर द्यायचा नाहीस. पिस्टन उचलायचास, दगडावर टिचकी मारल्यासारखा आपटायचास आणि कानाशी न्यायचास. आवाजावरून सांगायचास, हा स्कूटरचा, हा ट्रॅक्टरचा, हा ज्या गाडीचा आहे तिचा मालक तेल बदलत नव्हता. मालकाची बायको माहेरी गेलीय हेसुद्धा सांगायचास. बरं, माहेरचं मी वाढवलं. बाकीचं खरं आहे.

आणि तुझा एक कायदा होता. कुठलाही तुकडा थेट मुशीत टाकायचा नाही. आधी भट्टीच्या काठावर ठेवायचा, पुरता तापवायचा, आतली ओल जाऊ द्यायची, मगच आत. वितळलेल्या धातूखाली पाण्याचा थेंब सापडला की त्याची डोळ्याचं पातं लवायच्या आत वाफ होते, आणि ती वाफ एकटी बाहेर येत नाही, धातूला घेऊन येते. तू काठावरच्या तुकड्यांना 'रांगेतली माणसं' म्हणायचास. कुणी घुसलं की शिव्या.

आता ती गोष्ट. तुला पाठ आहे, पण ज्यांनी ऐकली नाही असे दोन-तीन जण जिल्ह्यात उरले असतील, त्यांच्यासाठी शेवटची सांगतो. मी अशी सांगायचो:

"एकदा काय झालं, आमचा लिंब्या बसलाय भट्टीवर. अंगात घाई! हातात कार्बोरेटर, त्यातनं पाणी ठिबकतंय. मी वरडतोय, लिंब्या, थांब, वला हाय! तर म्हणतोय कसा, 'असंना! माणूस आंघोळ करून देवळात जात न्हाई व्हय?' आणि दिला टाकून. धडाम! अहो, सगळ्या पेठेतल्या घड्याळांचे काटे पंधरा मिनिटं पुढं गेले. मागचा पत्रा उडाला तो सिद्धेश्वराच्या तळ्यात, अजून त्यावर बगळे बसत्यात. शेजारच्या काकूंची कोंबडी उंबऱ्यात दाणे टिपत हुती, तिच्यावर उडाला धातूचा फवारा. कोंबडी जागच्या जागी चांदीची! पुढं तीन महिने जर्मनची अंडी घालत हुती, काकू आमलेट करायला आमच्याकडनं हातोडी न्यायच्या. आणि आमचा लिंब्या? एक डोळा घालवून हुबा, म्हणतोय, 'जगू, जरा चटका बसला रं.'"

हातोडीशी लोक हसून वाकायचे. चटक्याशी टाळी.

आता खरं. ह्या परिच्छेदात कोंबडी नाही. त्या आठवड्यात तू चारचौघांत म्हणाला होतास, "जगू भंगार आणत न्हाई, भजी आणतोय, तेल निथळतंय." मला ते लागलं. रविवारी मी जुन्या कार्बोरेटरांची पिशवी आणली आणि तुला टोमणा म्हणून नळाखाली बसून एकेक साबण लावून धुतला. तुला दिसेल असा धुतला. कार्बोरेटरच्या पोटात बारीक बारीक वाटा असतात, पाणी तिथं राहतं, हे मला माहीत होतं, कारण मी ते विकतो. दुपारी तू मुशीवर वाकून मळी काढत होतास. मी चिमट्यात एक कार्बोरेटर धरून तुला करमाळ्याच्या एका गॅरेजवाल्याची गोष्ट सांगत होतो. त्या गोष्टीत शेवटी एक जण विहिरीत पडतो. 'आणि पडला की धपकन' असं म्हणताना मी चिमटा उघडला. मला कुणी टाक म्हणालं नव्हतं. काठावर मी तो ठेवला नव्हता. गोष्टीच्या शेवटाला जोर यावा म्हणून टाकला. आवाज फार मोठा नव्हता, कुकरची शिट्टी उडते तेवढाच. तू 'आई गं' म्हणालास आणि खाली बसलास. पत्रा जागेवर होता. मला काही झालं नाही. माझ्या सदऱ्याला एक भोक पडलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "वलं भंगार गेलं मुशीत." कुणाच्या हातून ते सांगितलं नाहीस. ती जागा तू माझ्यासाठी रिकामी सोडली होतीस. मी त्या जागेवर तुलाच नेऊन बसवलं. पहिल्यांदा तर दवाखान्याच्या पायरीवरच, विचारपूस करायला आलेल्या लोकांसमोर. रडणं येत होतं म्हणून हसवायला गेलो, आणि लोक हसले. एकदा हसू मिळालं की मला आवरत नाही, हे तुला माहीत आहे. कोंबडी दुसऱ्या दिवशी आली.

इथपर्यंत असतं तर मी स्वतःला भित्रा म्हणून सुटलो असतो. पण आप्पा आहे.

हणमंतआप्पा म्हणजे उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावात पंपांच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. त्या पट्ट्यात ऊस, केळी, आणि पाण्यावर नजर जाईल तिथवर पंप. मोटारीच्या मागं गार हवेसाठी प्लॅस्टिकचा पंखा असतो, तो उन्हानं तडकतो. आप्पानं माझ्याचकडून तुझं नाव ऐकलं. तू त्याला अ‍ॅल्युमिनियमचा एक पंखा ओतून दिलास, अपघाताच्या आधी. पातळ पाती, एकही छिद्र नाही, कडा अशा की दाढी करावी. आप्पाच्या स्वतःच्या मोटारीवर तो अख्खा उन्हाळा फिरला. त्याला सगळ्या पट्ट्याला पुरतील एवढे पंखे हवे होते, दर हंगामाला. तुझ्या डोळ्याची पट्टी सुटली की तो सोलापूरला येऊन काम पक्कं करणार होता. तू तर मागच्या जागेत दुसऱ्या भट्टीसाठी खडूनं गोल काढून ठेवला होतास. वहिनी त्या गोलावर पाय देत नव्हत्या.

मग बार्शीला एक लग्न झालं. दुपारची पंगत. मला सांगायला लावलं, आणि मी उभा राहिलो. समोरच्या रांगेत, डावीकडून चौथा, आप्पा बसला होता.

मला तो दिसला होता, लिंब्या. सुरू करायच्या आधी दिसला होता.

आप्पा इतका हसला की त्याच्या नाकातून मठ्ठा आला. डोळे पुसत शेजारच्याला म्हणाला, "बरं झालं बाबा कळलं. असल्या हाताला आपून काम देणार हुतो!" तो सोलापूरला आला नाही. तू फोन केलास तर 'बघू' म्हणाला. पंखे परगावी कुठंतरी गेले. तुझा खडूचा गोल पायाखाली पुसून गेला आणि पेठेत तुझं नाव धडाका मिस्त्री पडलं. पलीकडच्या दुकानातून लोक ओरडायचे, "काय धडाका, आज कुणाच्या कोंबडीचा नंबर?"

मी का केलं? मोठ्या भट्टीला मोठं भंगार लागतं. तिला टेम्पो लागला असता, मोटारसायकलवरचा पिशवीवाला जगू लागला नसता. लोक म्हणाले असते, लिंबराज मिस्त्री आणि त्याच्याकडं भंगार टाकणारा तो एक. मला ते सोसलं नसतं. एवढंच आहे. ह्याला मी कितीही तिखटमीठ लावलं तरी ते मोठं दिसत नाही.

आणि तू? तुला शिव्या देता आल्या असत्या. पेठेत उभं करून थोबाडीत मारता आली असती. तू त्यापेक्षा वाईट केलंस. माझी गोष्ट सुरू झाली की तू पुढं येऊन बसायचास. सगळ्यात मोठ्यानं हसायचास, मांडीवर थाप मारून. आणि उरलेला डोळा माझ्यावरून हलवायचा नाहीस. कुठं अडखळलो तर शब्द पुरवायचास, "हातोडी राहिली, जगू, हातोडीचं सांग." कसाई बकऱ्याला वैरण घालतो ना, तसा तू मला माझी गोष्ट भरवायचास.

अपघातानंतर भट्टी पेटली की मला पुढच्या खोलीत बसवायचास, मागं यायची बंदी. मी वहिनींची शेंगाचटणी आणि कडक भाकरी खात बसायचो, तुम्ही दोघं मागं. पण एका दुपारी तू मला हाक मारलीस. साच्यातून काढलेली पुली वाळूवर पडली होती, पांढरी, गरीब.

"जगू, उचल ती. गार हाय."

मी उचलली. चार बोटांची कातडी पुलीलाच राहिली. मी त्या एवढ्याशा जागेत असा नाचलो की काकूंचे कप त्या दिवशी खरोखर पडले. तू पायानं पाण्याची बादली माझ्यापुढं सरकवलीस. बादली आधीच भरून ठेवलेली होती. माझा हात तिच्यात गेल्यावर तू म्हणालास,

"काल आप्पा भेटला हुता. बार्शीत."

बस्स. भट्टीजवळ तू आयुष्यात एकदाच खोटं बोललास आणि ते इतकं मोजून बोललास की माझी बोटं जळाली, हात राहिला. मी घरी जाऊन ठरवलं, उद्या सकाळी पेठेत उभं राहून सगळं सांगायचं. पुढच्या महिन्यात एका साखरपुड्यात ती गोष्ट मी परत सांगितली. एका कोंबडीच्या दोन केल्या.

तरीही तू भंगार माझ्याकडूनच घेत राहिलास. हे भांडण आपलं राहिलंय. रफिकचाचा घरपोच द्यायला तयार होता, तरी दर रविवारी तू माझी पिशवी फरशीवर ओतायचास, एकेक पिस्टन वाजवायचास, आणि चांगला निघाला की कौतुक म्हणून नुसतं 'हं' करायचास. त्या 'हं'साठी मी पावसात चाळीस चाळीस किलोमीटर वाट वाकडी केलीय. ही थाप नाही. तू मला जवळ का ठेवलंस? दया म्हणून, की मी रोज समोर असावा आणि रोज आठवावं म्हणून? मी तुला विचारलं नाही. मला भीती होती तू खरं सांगशील.

तेराव्याला तुझ्या दारात मांडव होता. जेवणं सुरू होती. आप्पाही आला होता, पांढरी टोपी, पहिल्या रांगेत. कुणीतरी म्हणालं, "जगूअण्णा, ती धडाक्याची सांगा की. त्यांला लई आवडायची."

मी उभा राहिलो आणि खरी सांगितली. वर लिहिलीय तशीच, कोंबडीशिवाय. साबण लावून धुतला म्हणालो आणि पहिला हशा आला. विहिरीत पडणारा माणूस आला तसा दुसरा. 'मी टाकला, लिंब्यानं नाही' म्हणालो, मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यांना वाटलं वा, काय नक्कल करतोय. एक जण पोट धरून म्हणाला, "जगूअण्णा, ही नवी तर जुनीच्या वर हाय!" आप्पा सगळ्यात जास्त हसत होता. आयुष्यभर कमावलेली टाळी एका दमात मिळाली, लिंब्या, आणि तिच्याखाली तू दुसऱ्यांदा गाडला जात होतास.

तेव्हा शालन वहिनी घराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"खरं हाय त्ये," त्या म्हणाल्या.

मांडवात पत्रावळीचा आवाज येईना.

"दवाखान्यातनं घरी आल्या आल्या मला सांगितलं हुतं त्यांनी. म्हणले, कुणाला बोलू नगंस, जगू आपून होऊन सांगंल. म्हणून गप बसले. सा वर्सं."

आप्पानं हातातला घास खाली ठेवला. "म्हंजे वैनी, त्यांच्या हाताची कायबी चूक न्हवती?"

"न्हाई."

"आन्‌ मी काम दुसरीकडं दिलं."

"व्हय."

आप्पानं पत्रावळ पुढं सारली. मग त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघून काय विचारलं असेल? मी खोटं सांगत असतो तर ह्यापेक्षा बरं रचलं असतं. तो म्हणाला, "मग आता हितं कोण वततंय? जगूअण्णा, तुमाला जमतंय का? पंख्याचं काम अजून हाय."

तुझा डोळा घेतला, तुझं नाव घेतलं, आणि आता तुझ्या तेराव्याच्या जेवणावर तुझं काम माझ्या ताटात पडत होतं. एक क्षण, लिंब्या, मी लाजेनं सांगतो, एक क्षण मी मनात दुसरी भट्टी कुठं बसेल ते बघून घेतलं.

"मी वतती," वहिनी म्हणाल्या.

"तुमी?"

"एका डोळ्याला लांब-जवळ कळत न्हाई, आप्पा. धार साच्याच्या तोंडात पडतीया का भाईर, त्यांला दिसंना. तवापास्नं मूस माज्या हातात. त्ये नुसतं मागं हुबं ऱ्हाऊन सांगायचे, आता, थांब, आता. आता तेबी सांगायला लागत न्हाई. नमुना घिऊन या."

मला पुढच्या खोलीत का बसवायचास ते मला तेव्हा कळलं. सहा वर्षं तुझी बायको वितळलेला धातू ओतत होती आणि भिंतीच्या अलीकडं मी तिच्याच हातची भाकरी खात होतो. मला वाटत होतं, मला भट्टीपासून लांब ठेवलंय. तू तुझे रिकामे झालेले हात माझ्यापासून लपवले होतेस. ते दिसले असते तर मी त्याचीही गोष्ट केली असती.

लोक गेल्यावर वहिनींनी मला थांबवलं. मी म्हणालो, वहिनी, काय शिक्षा द्यायची ती द्या, उद्यापासून तोंड दाखवत नाही.

"तोंड दाखवायचंच हाय," त्या म्हणाल्या. "भंगार तुमीच आणायचं, पिस्टनच आणायचं. आन्‌ जे नवं गिऱ्हाईक यील त्याला आधी ती खरी गोष्ट सांगायची. तुमच्या तोंडानं. भट्टी दाखवायच्या आधी."

"सांगतो."

"पर हसवायचं न्हाई, भावजी. एकजणबी हसला तर परत सांगायची. त्यो गप हुईस्तवर."

लिंब्या, ही बाई तुझ्याबरोबर इतकी वर्षं कशी राहिली याचा मी विचार करायचो. आता तू तिच्याबरोबर कसा टिकलास याचा करतो.

पहिला आला तो आप्पाचाच मेव्हणा. त्याला चारदा सांगावी लागली. साबण आला की तो फुटायचा. मी साबण हळू म्हणून बघितला, भरभर म्हणून बघितला, शेवटी मानेनं खूण करून दाखवली, तरी फुटला. माझ्या तोंडाचा ढंगच तसा आहे, साधं 'पाणी द्या' म्हणालो तरी लोकांना पुढं विनोद येणार असं वाटतं. चौथ्या वेळी मी त्याच्याकडं न बघता भिंतीकडं बघून सांगितली. मग तो गप झाला.

आप्पाचे पहिले पंखे गेलेत. पात्यांना छिद्र नाही. मी एक हातात घेऊन उजेडात धरला, आणि तुला राग येईल म्हणून मुद्दाम सांगतो, तुझ्यापेक्षा चांगला ओतलाय. तुझ्या पंख्याला बुडाशी एक शिवण राहिली होती, वहिनींच्या पंख्याला तीही नाही. ये, भांड माझ्याशी.

काल अक्कलकोटकडचा एक पिठाच्या गिरणीचा मालक आला, तुटलेली पुली रुमालात बांधून. मी त्याला पुढच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, आणि सांगायला लागलो. साबण आला. साबण गेला. चिमटा आला. जिभेच्या टोकावर कोंबडी येऊन फडफडत होती, मी ती गिळली. लोक कुठं हसतात ते मला पाठ आहे. त्या प्रत्येक ठिकाणी मी थांबलो आणि हशा आला नाही. माझ्या आयुष्यात माझी गोष्ट अशी कधी पडली नव्हती. शेवटाला त्यानं रुमालाची गाठ घट्ट केली आणि विचारलं, "मग तुमी अजून हितं कसं?"

"भंगार आणतो," मी म्हणालो.

मागं कोळसा पेटल्याचा वास आला, आणि वहिनींचा आवाज.

"सांगितली का भावजी?"

"सांगितली."

"हसला का त्यो?"

"न्हाई."

"मग पुली आत द्या."